फुलांची सोबत: गोव्याच्या हवेत पुष्पगुच्छासाठी फुले कशी निवडावीत

पुष्पगुच्छ पहिल्यांदाच बांधू पाहणारा माणूस फुलांच्या दुकानात गेला की आधी रंग पाहतो, आणि तिथेच त्याची निवड चुकायला लागते. लाल गुलाब, पिवळा जरबेरा, पांढरा निशिगंध आणि जांभळे ऑर्किड एका मुठीत धरले की त्या घडीला सगळे सुंदरच दिसते. मात्र दोन दिवसांनी जरबेराने मान टाकलेली असते, गुलाबाच्या कडा काळवंडलेल्या असतात, निशिगंधाची खालची फुले पिवळी पडलेली असतात आणि ऑर्किड तेवढे आणल्यासारखे ताजे असते. त्यातले एकही फूल मुळात वाईट नव्हते. ती एकमेकांच्या सोबतीने राहण्याजोगी नव्हती, एवढेच. म्हणून या लेखात रंगाचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला आहे. कोणते फूल कोणत्या हवेत, किती दिवस आणि कशा पाण्यात राहते हे आधी पाहावे. तेवढे जमले की रंग जमवणे पुष्कळ सोपे होते.

हा क्रम मी एका चुकीतून शिकले. मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी मे महिन्यात मी फिकट गुलाबी कार्नेशनचे दोन जुडगे आणले होते आणि फोंड्याच्या आमच्या घरातली सगळ्यात थंड खोली म्हणून ती रात्रभर मागच्या कोठीच्या खोलीत, बादलीभर पाण्यात ठेवली होती. त्याच खोलीत गवतावर मानकुराद आंब्यांची आढी घातलेली होती. सकाळी दार उघडले तेव्हा खोलीभर आंब्यांचा वास भरून राहिला होता आणि कार्नेशनच्या सगळ्या पाकळ्या आत वळून, भिजलेल्या कागदासारख्या मऊ होऊन मिटल्या होत्या. पाणी भरपूर होते, देठ ताजे कापलेले होते, तरीही एकही फूल पुन्हा उघडले नाही. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात, आणि हा वायू काही फुलांना वेळेआधी म्हातारे करतो. कार्नेशन त्याला फार लवकर बळी पडते. डेंड्रोबियम ऑर्किड, जिप्सोफिला (बारीक पांढऱ्या फुलांच्या फांद्या) आणि लिली यांनाही तो सोसत नाही. गोव्याच्या घरात केळ्याचा घड टांगलेला असतो आणि आंब्याफणसाच्या दिवसांत तर फळांशिवाय खोली सापडत नाही, म्हणून ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगून ठेवते.

पहिली पायरी: गुच्छ कुठे आणि किती वेळ राहणार

फुले घेण्यापूर्वी हे एका वाक्यात स्वतःशी ठरवावे. व्यासपीठावर पाहुण्यांच्या हाती द्यायच्या गुच्छाला दोन-तीन तास ताजे दिसायचे असते. वधूच्या हातातल्या गुच्छाला पाण्याविना सकाळपासून रात्रीपर्यंत तग धरायचा असतो. दिवाणखान्यातल्या फुलदाणीकडून आपण निदान पाच दिवसांची अपेक्षा करतो. आणि 2 नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत ठेवायच्या फुलांना उघड्यावरचे ऊन सोसावे लागते. चार कामांना चार वेगळी फुले लागतात. समुद्राकाठच्या हिरवळीवर एप्रिल-मेमध्ये होणाऱ्या समारंभासाठी पातळ पाकळ्यांची फुले निवडूच नयेत, कारण खारा वारा आणि ऊन यांपुढे ती दोन तासांत सुकलेली दिसतात.

दुसरी पायरी: एका हवेची फुले एकत्र घेणे

आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या फुलांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. गुलाब, कार्नेशन, लिली, जिप्सोफिला आणि बाजारातली लांब देठाची शेवंती ही थंडाव्याची फुले. यांतली बरीचशी पुणे, बेळगाव, बंगळूर या बाजूंच्या शेतांतून आणि हरितगृहांतून येतात आणि घाट उतरून गोव्यात पोहोचेपर्यंत त्यांचा एखादा दिवस प्रवासात गेलेला असतो. दुसरा गट उष्ण आणि दमट हवेच्या फुलांचा: अँथुरियम, डेंड्रोबियम ऑर्किड, हेलिकोनिया, रेड जिंजर. ही गोव्याच्या हवेत, हिरव्या जाळीच्या सावलीत किंवा कुळागरात पोफळींच्या खाली उत्तम वाढतात, आणि सुदैवाने जवळपास पिकलेली मिळू शकतात.

हा फरक निव्वळ माहितीपुरता नाही. गुलाबाला साठवणीत 2 ते 5 अंश सेल्सिअस तापमान मानवते. तेवढ्याच थंडीत अँथुरियम आणि हेलिकोनिया काळे-निळे पडतात, कारण साधारण 12 अंशांच्या खाली त्यांच्या पेशींना इजा होते. ही इजा कधीकधी फ्रीजमध्ये असताना दिसतही नाही. बाहेर काढल्यावर काही तासांनी डाग उमटतात. म्हणून दोन्ही गटांची फुले एकत्र बांधून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, तर सकाळी त्यांतला एक गट हमखास बिघडलेला असतो. घरच्या फ्रीजमध्ये भाज्या आणि फळेही असतात, त्यामुळे तिथे कार्नेशनची गत माझ्या कोठीतल्यासारखीच होते. कृपा करून घरच्या फ्रीजमध्ये फुले ठेवू नका. रात्री घरातली हवेशीर, अंधारी जागा पुरते, मात्र तिथे फळे नकोत.

आता आयुष्याचा हिशोब. नीट निगा राखली तर अँथुरियम दोन आठवडे आणि पुष्कळदा तीन आठवडेही राहते. शेवंती आणि कार्नेशन दहा दिवस ते दोन आठवडे, डेंड्रोबियम साधारण तेवढेच, लिलीची काडी कळ्या एकामागून एक उमलत गेल्याने आठ-दहा दिवस, हेलिकोनिया आठवडाभर किंवा थोडे अधिक, जरबेरा आणि निशिगंध पाच ते सात दिवस, आणि गुलाब गोव्याच्या उकाड्यात चार-पाच दिवस, असा माझा अंदाज असतो. गुच्छातल्या सगळ्यात अल्पायुषी फुलाचे वय तेच त्या गुच्छाचे वय होय, असे समजून निवड करावी. टिकण्याच्या हिशोबाने पाच दिवसांच्या फुलदाणीत गुलाब किंवा जरबेरा निशिगंधासोबत चालतो. दोन आठवड्यांच्या फुलदाणीत अँथुरियम, डेंड्रोबियम आणि जाड पाने चालतात. एका दिवसाच्या समारंभासाठी मात्र हा नियम सैल करायला हरकत नाही, कारण तिथे सगळ्यांना फक्त एक संध्याकाळ निभवायची असते.

अँथुरियम इतके का टिकते, हे एकदा ते हातात घेऊन पाहिले की समजते. ज्याला आपण त्याची चकचकीत पाकळी म्हणतो ते रंगीत झालेले पान असते. खरी फुले मधल्या दांड्यावर, टाचणीच्या डोक्याहून लहान, दाटीने बसलेली असतात. हेलिकोनियाच्या लाल-पिवळ्या चोचीही अशाच पानांच्या जातीच्या. पाने सावकाश म्हातारी होतात, म्हणून ही 'फुले' टिकतात. मात्र हेलिकोनिया कापल्यानंतर आणखी उमलत नाही, तेव्हा ते हवे तितके उघडलेलेच घ्यावे, आणि घरात नेण्यापूर्वी उलटे धरून झटकावे. त्याच्या चोचींत पावसाचे पाणी आणि मुंग्या साठलेल्या असतात.

परसातल्या फुलांविषयी इथेच बोलले पाहिजे, कारण नवशिक्याला पहिला मोह त्यांचाच होतो. जास्वंद एका दिवसाचे असते आणि पारिजातक हाताला लागताच गळते. चाफ्याच्या देठातून चीक येतो आणि त्याचे फूल गुच्छापेक्षा पाण्याने भरलेल्या उथळ थाळीत तरंगत ठेवलेले शोभते. जाई, मोगरा, सुरंगी, बकुळ यांना गुच्छात धरण्याजोगा देठच नाही. ती ओवण्याची आणि गुंफण्याची फुले आहेत. म्हार्दोळच्या म्हालसेच्या देवळातली जायांची पूजा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या फुलाचे खरे स्थान वेगळे सांगायला नको. तरीही त्यांना गुच्छात आणण्याची एक रीत मला फार आवडते. गुच्छ बांधून झाला की त्याच्या देठांभोवती, हात जिथे धरणार त्याच्या वरच्या बाजूला, अबोलीची फाती, म्हणजे गुंफलेली वेणी, गुंडाळावी. अबोलीला वास नाही, पण ती इतर ओवायच्या फुलांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ ताजी राहते, आणि पांढऱ्या गुच्छाखाली तिचा तो रंग असा काही खुलतो की दुसऱ्या रिबिनीची गरज उरत नाही.

झेंडूचे, म्हणजे आपल्या रोजांचे, काय करावे असे बरेच जण विचारतात. बाजारातला झेंडू माळांसाठी देठाविना खुडलेला असतो, त्यामुळे गुच्छासाठी तो निरुपयोगी; घरी लावलेला असेल तर लांब देठासकट कापावा, पाण्यात बुडणारी सगळी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे, कारण ते फार लवकर कुजते. एवढे केले तर पिवळा झेंडू फुलदाणीत चांगला आठवडा काढतो. चवथीच्या आणि दसऱ्याच्या आसपास बाजारातली फुले महाग होतात, तेव्हा घरच्या चार रोपांचा मोठा आधार असतो.

कण्हेर, बिट्टी आणि पावसाळ्यात कुंपणावर फुलणारी कळलावी ही तिन्ही विषारी आहेत. कळलावीचे फूल दिसायला इतके देखणे असते की कापायचा मोह आवरत नाही, पण जेवणाच्या मेजावर आणि लहान मुलांच्या हाती ती कधीही देऊ नये. घरात मांजर असेल तर लिली पूर्ण टाळावी. तिचे परागही मांजराच्या जिवावर बेततात.

तिसरी पायरी: कामाची वाटणी

चांगल्या गुच्छात प्रत्येक फुलाला काम असते. मुख्य फूल नजर थांबवते: मोठा गुलाब, लिली, अँथुरियम, जरबेरा. सोबतीचे फूल त्याहून लहान असते आणि मुख्य फुलाचा रंग पुढे नेते: लहान शेवंती, कार्नेशन. उंचीचे फूल काडीवर चढत जाते आणि गुच्छाला आकार देते: निशिगंध, डेंड्रोबियम, हिवाळ्यात ग्लॅडिओलस. भरणीचे फूल मधल्या फटी झाकते: जिप्सोफिला, गोल्डन रॉड (बारीक पिवळ्या फुलांचे तुरे). आणि पाने या सगळ्यांना टेकायला जागा देतात. पाचही प्रकार प्रत्येक गुच्छात असलेच पाहिजेत असे नाही, पण एका गुच्छात दोन प्रकारची मुख्य फुले घेऊ नयेत. लिली आणि अँथुरियम शेजारी ठेवले की नजर कुठे थांबावी हेच कळत नाही.

पहिल्या गुच्छासाठी मी हे माप सुचवते: मुख्य फुले पाच, सोबतीची सात, उंचीच्या काड्या तीन, भरणीच्या दोन फांद्या आणि पानांचे पाच-सहा देठ. मुख्य फुले विषम संख्येत ठेवण्याचे कारण साधे आहे: चार फुले डोळ्यांना चौकोनात बसलेली दिसतात, पाच मात्र आपोआप विखुरतात. फुलांचे आकारही वेगळे असावेत. पाच गोल गुलाबांशेजारी सात गोल शेवंत्या एकसुरी वाटतात. त्याऐवजी गुलाबांशेजारी डेंड्रोबियमच्या लवलेल्या काड्या ठेवल्या तर गुलाब अधिक गोल आणि ऑर्किड अधिक नाजूक दिसते. पोताचेही तसेच. अँथुरियमच्या गुळगुळीत तुकतुकीला शेवंतीची दाट, बारीक पाकळी शोभते. जिप्सोफिलाचा धुरकट पिसारा मात्र अँथुरियमशेजारी कचऱ्यासारखा भासतो, म्हणून या दोघांना एकत्र बांधू नये, असे माझे ठाम मत आहे.

चौथी पायरी: रंग

रंगांची जाण आपल्याला लुगड्यातून आलेली असते, ती इथे वापरावी. अंगाचा एक रंग, काठाचा दुसरा, आणि बुट्ट्यांपुरता तिसरा. याहून अधिक रंग पहिल्या दहा गुच्छांत घेऊ नयेत. अंगाचा रंग निम्म्याहून जास्त, काठाचा साधारण तिसरा हिस्सा आणि बुट्टीचा एखाद-दुसरे फूल एवढाच. तीन रंग सारख्या प्रमाणात घेतले की गुच्छ पताकांसारखा दिसतो.

सगळ्यांत निर्धोक निवड शेजारच्या रंगांची. पिवळा, केशरी आणि अबोली. किंवा फिकट गुलाबी, राणी आणि जांभळा. किंवा पांढरा, मलई आणि लिंबोळी हिरवा. यांत चूक होणे कठीण. विरुद्ध रंगांची जोडी, म्हणजे पिवळ्याबरोबर जांभळा किंवा केशरीबरोबर निळा, अधिक उठून दिसते, पण तिथे एक रंग जास्त आणि दुसरा फार कमी ठेवावा लागतो. पिवळ्या शेवंतीच्या दाट गुच्छात जांभळ्या डेंड्रोबियमच्या दोनच काड्या पुरतात. निळे फूल मात्र जपून घ्यावे. दुकानातले गडद निळे ऑर्किड किंवा निळी शेवंती बहुधा रंगाच्या पाण्यात ठेवून निळी केलेली असते, आणि तो रंग फुलदाणीच्या पाण्यात उतरतो, कधी कपड्यांवरही.

पांढऱ्या रंगाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण तो दोन रंगांमध्ये समेट घडवतो असे सरसकट म्हटले जाते. शुभ्र पांढरा गडद लालाशेजारी ठेवला तर दोन्ही एकमेकांपासून तुटून दिसतात; समेट खरे तर मलई किंवा फिकट गुलाबी रंग घडवतो, आणि सगळ्यांत उत्तम हिरवी पाने. पण संध्याकाळी पांढऱ्याला तोड नाही. दिवेलागणीनंतरच्या मंद उजेडात गडद लाल आणि जांभळा काळे पडतात, तर पांढरा आणि फिकट पिवळा दूरवरूनही दिसतात. हिरवळीवरच्या संध्याकाळच्या स्वागतसमारंभासाठी मरून गुलाबांचा गुच्छ निवडणाऱ्यांना मी नेहमी सांगते की तोच गुच्छ खोलीत दिवा बंद करून, खिडकीच्या उजेडात एकदा पाहावा.

वासाचाही एकच नियम आहे: एका गुच्छात सुवासिक फूल एकच. निशिगंध आणि ओरिएंटल लिली एकत्र आले, की बंद खोलीत डोके जड होते. निशिगंधाचा वास संध्याकाळनंतर वाढतो, म्हणून आजाऱ्याच्या खोलीत आणि जेवणाच्या मेजावर तो टाळावा. तिथे अँथुरियम, जरबेरा, ऑर्किड अशी वास नसलेली फुले न्यावीत.

पाने: इथे पैसे वाचवावेत

फुले विकत आणावी लागली तरी पाने गोव्यात विकत घेण्याची सहसा गरज नसते. क्रोटन, कर्दळ, अरेका पाम, मॉन्स्टेरा, नेचे, रंगीत कॉर्डिलाइन यांतले काहीतरी प्रत्येक परसात किंवा निदान शेजाऱ्याच्या परसात असतेच. पाने नेहमी जून घ्यावीत. कोवळे, फिकट पान कापल्यावर तासाभरात लवते. ती फुलांच्या आदल्या दिवशी, सकाळी कापून, धुऊन, रात्रभर पाण्यात उभी ठेवावीत. नेच्याचे पान मागून तपासावे. तपकिरी ठिपक्यांची भुकटी त्याच्यावर असेल तर ती पांढऱ्या फुलांवर झडते. क्रोटनच्या देठातून येणारा चीक वाहून जाईपर्यंत देठ वेगळ्या पाण्यात ठेवावा आणि नंतरच फुलांच्या पाण्यात घ्यावा. लाल-पिवळी क्रोटनची पाने वापरली तर त्यांनाच एक रंग म्हणून मोजावे. रंगीत पान आणि त्यावर तीन रंगांची फुले ही फार होतात.

पाचवी पायरी: दुकानात काय तपासावे

शक्य असेल तर सकाळी लवकर जावे आणि माल कधी आला हे फुलकाराला सरळ विचारावे. ज्या दुकानात तुम्ही पुन्हापुन्हा जाता तिथला माणूस सहसा खरे सांगतो. गुलाब देठाच्या वर, फुलाच्या बुडाशी दोन बोटांनी हलकेच दाबून पाहावा. घट्ट लागला तर ताजा, मऊ लागला तर जुना. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा फाटक्या असल्या तर बिचकू नये, त्या कळीचे रक्षण करणाऱ्या असतात आणि घरी काढता येतात; उलट बाहेरच्या सगळ्याच पाकळ्या आधीच काढून गुळगुळीत केलेला गुलाब संशयाने पाहावा. जरबेराच्या फुलावरची प्लॅस्टिकची टोपी काढायला सांगून फुलाखालची मान सरळ आणि ताठ आहे का ते पाहावे. शेवंतीचे फूल शेवटपर्यंत ताजे दिसते, तिचे वय पानांवरून ओळखावे. खालची पाने पिवळी असतील तर ती जुनी. निशिगंधाच्या काडीवर खालची दोन-तीनच फुले उमललेली असावीत. लिलीच्या कळ्या भरलेल्या आणि त्यांतली एखादीच उघडू लागलेली असावी. डेंड्रोबियममध्ये मात्र उलट: टोकाच्या लहान कळ्या पुढे बहुधा उमलत नाहीत, म्हणून काडीवरची बहुतेक फुले उघडलेलीच घ्यावीत. बादलीतल्या पाण्याचा वास घेऊन पाहायला संकोच करू नये. आंबूस वास येत असेल तर त्या बादलीतली फुले तुमच्या घरीही लवकर जातील.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी. दमट हवेत गुलाबाच्या आणि जरबेराच्या पाकळ्यांवर करड्या बुरशीचे बारीक, पाणचट ठिपके येतात. एका फुलावर असे ठिपके असतील तर जुडगा परत करावा, आणि जून ते सप्टेंबर या काळात पाकळ्यांवर पाण्याचा फवारा मुळीच मारू नये.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

स्वच्छ धुतलेली बादली, धारदार सुरी आणि बांधण्यापूर्वी फुले पाण्यात उभी ठेवायला किमान तीन तासांचा वेळ एवढे हाताशी ठेवावे. प्रत्येक देठाचे टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरपे कापावे, पाण्यात बुडणारी पाने आणि काटे काढावेत आणि लगेच पाण्यात ठेवावे. कापून बाहेर राहिलेल्या देठात हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. बोथट कात्री देठ चिरडते, म्हणून सुरी बरी. जरबेराचा देठ केसाळ आणि मऊ असतो, तो खोल पाण्यात कुजतो. त्याला पाच-सात सेंटिमीटर पाणी पुरे. ग्लॅडिओलसच्या काड्या आडव्या ठेवल्या की त्यांची टोके वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत, तेव्हा त्या उभ्याच ठेवाव्यात. लिलीचे पराग कळी उघडताच, कोरडे असताना बोटांनी काढून टाकावेत. कपड्याला लागलेच तर पाण्याने पुसू नयेत, चिकटपट्टीने टिपून घ्यावेत.

थंडाव्याच्या फुलांच्या पाण्यात, एक लिटरला दोन लहान चमचे साखर, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा कपड्यांचे ब्लीच घातले तर फुले अधिक टिकतात. साखर फुलाला पोसते, लिंबू पाणी वर चढायला मदत करते आणि ब्लीच जंतूंना रोखते. नुसती साखर घातली तर मात्र जंतूच पोसले जातात. अँथुरियम आणि हेलिकोनियाला साधे स्वच्छ पाणी पुरते.

सातवी पायरी: बांधणी

देठ मुठीत नुसते गोळा केले तर फुले मध्ये दाटतात आणि चिरडतात. म्हणून एक सरळ, मजबूत मुख्य फूल डाव्या हातात उभे धरावे, दुसरा देठ त्याच्यावर तिरपा टेकवावा, फुलाचे तोंड डावीकडे आणि देठाचे टोक उजवीकडे. तिसरा देठ त्याच दिशेने तिरपा, चौथाही तसाच. दोन-तीन देठ झाले की सगळा जुडगा हातात थोडा फिरवून पुढचे लावत जावे. फुलामागून पान, पानामागून फूल असे घालत गेले की प्रत्येकाला आपोआप जागा मिळते. सगळे देठ एकाच ठिकाणी एकमेकांना ओलांडतात आणि खाली चक्राकार पसरतात. पहिल्यांदा एखादा देठ उलट दिशेने जातोच. तो लगेच काढावा, कारण तोच बाकीच्यांना मोडतो. ओलांडणीच्या जागी केळीच्या सोपाच्या भिजवलेल्या दोऱ्याने किंवा सुतळीने बांधावे, आणि गाठीच्या वर दोन हिस्से तर खाली एक हिस्सा राहील असे देठ कापावेत. नीट बांधलेला गुच्छ मेजावर स्वतःच्या देठांवर उभा राहतो. हीच त्याची परीक्षा.

सुरुवातीला करून पाहण्यासाठी तीन जुळण्या देते. व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी पाच केशरी जरबेरा, सात पिवळ्या लहान शेवंत्या, थोडा गोल्डन रॉड आणि अरेका पामची कापून लहान केलेली पाने. संध्याकाळच्या लग्नासाठी पाच मलई रंगाचे गुलाब, तीन काड्या पांढरे डेंड्रोबियम, नाजूक नेचे आणि देठांवर अबोलीची फाती. आणि घरात दोन आठवडे राहणाऱ्या फुलदाणीसाठी तीन लाल अँथुरियम, दोन काड्या जांभळे डेंड्रोबियम, मॉन्स्टेराची दोन पाने आणि एक कॉर्डिलाइन. या तिसऱ्या जुळणीत लाल आणि जांभळा शेजारी येतात म्हणून काहींना ती भडक वाटेल, पण मधल्या मोठ्या हिरव्या पानांमुळे दोघे वेगवेगळे आणि शांत दिसतात.

गुच्छ गाडीतून न्यायचा असेल तर तो पाण्याच्या लहान बादलीत, पायांजवळ सावलीत ठेवावा. बंद उभ्या गाडीत दुपारी दहा मिनिटेही सोडू नये. ज्यांना द्यायचा त्यांनी घरी पोहोचताच वरचा प्लॅस्टिकचा कागद काढावा, गाठ न सोडता देठांची टोके पुन्हा कापावीत आणि गुच्छ पाण्यात ठेवावा, हे देतानाच सांगावे. त्यानंतर दर दिवसाआड पाणी बदलावे, आणि जे फूल आधी सुकेल ते तेवढे उपसून काढावे, कारण कुजणारे एक फूल पाणीही बिघडवते आणि इथिलीनही सोडते.